एका झाडाची दोन नावे

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या काचेच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, एक सुकलेला शंकू ठेवलेला आहे. लांबीला जेमतेम तीन इंच. त्याच्या प्रत्येक खवल्याखालून तीन टोकांची एक पातळ जीभ बाहेर आलेली दिसते. मधले टोक लांब, बाजूची दोन आखूड. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुलांना गोष्ट सांगतात की, वणवा लागला तेव्हा उंदीर जीव वाचवायला या शंकूत शिरले आणि त्यांचे मागचे पाय व शेपटी तेवढी बाहेर राहिली. गोष्ट एकदा ऐकली की त्या शंकूत उंदरांखेरीज दुसरे काही दिसत नाही. विद्यार्थी असताना मी या शंकूची आकृती काढली, खाली 'डग्लस फर' असे लिहिले आणि पुढच्या बरणीकडे वळलो. फर हे झाडाचे कूळ आणि डग्लस हा त्याचा शोध लावणारा, एवढी माझी समजूत. पुढे शिकवायला लागल्यावर कळले की, त्या दोन शब्दांतला एकही धड बरोबर नाही.

खरे फर म्हणजे 'एबीज' या प्रजातीतले वृक्ष. त्यांचे शंकू फांदीवर उभे राहतात आणि पिकले की जागीच सुटे होऊन गळतात. आमच्या कपाटातला शंकू फांदीला लोंबणारा आणि अख्खाच्या अख्खा खाली पडणारा. म्हणून शास्त्रज्ञांनी या झाडाची प्रजातीच निराळी केली. तिचे नाव 'स्यूडोत्सुगा'. 'त्सुगा' हा जपानी शब्द, हेमलॉक जातीच्या सूचिपर्णी झाडाचा. म्हणजे सरळ अर्थ 'खोटा हेमलॉक'. झाडाने काय खोटेपणा केला देव जाणे! पुढे जातीचे नाव येते 'मेंझिसाय', आणि ते डग्लसचे नाही. व्यवहारात डग्लस आणि शास्त्रात मेंझिस, अशी या झाडाला दोन माणसांची नावे आहेत. दोघेही स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यातले आणि दोघेही बागकाम करता करता वर आलेले. मला सांगायची आहे ती मुख्यतः धाकट्याची, डेव्हिड डग्लसची हकिगत. पण ती थोरल्याला सोडून सांगता येत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. सूचिपर्णी म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे कारवारच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरचे सुरू उभे राहते. कानडीत ज्याला गाळीमर म्हणतात तेच. त्याची ती सुईसारखी पाने म्हणजे खरे तर हिरव्या डहाळ्या. सुरूला फुले येतात, तेव्हा शंकूच्या झाडांशी त्याचे काही नाते नाही. सह्याद्रीत मूळचे म्हणता येईल असे शंकुवर्गीय झाड एकच, 'नागेया वालिचियाना', आणि ते दक्षिणेकडच्या दमट रानात. त्याची पाने सुईसारखी नाहीत, चांगली रुंद आहेत! त्यामुळे डोंगरउतारावर मैलोगणती पसरलेले सदाहरित सूचिपर्णी रान कसे असते याची कल्पना आपल्याला करावी लागते. हिमालयात देवदार पाहिलेल्याला ती थोडीफार करता येईल. पण डग्लस फर त्याहूनही उंच. ओरेगॉनमधला एक वृक्ष २०२५ पर्यंत शंभर मीटरला थोडाच कमी भरत असे. जुन्या झाडांची साल बुचासारखी जाड होते. वणव्यात भोवतालची लहानसहान झाडे जळून गेली तरी तिच्या आधाराने म्हातारा वृक्ष तगून राहतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर त्याचेच बी रुजते. पाचशे वर्षे हे काही त्याच्या दृष्टीने फारसे वय नव्हे.

हे झाड युरोपीय माणसाने पहिल्यांदा टिपले ते १७९१ ते १७९५ या काळात जगप्रवासाला निघालेल्या व्हँकुव्हरच्या मोहिमेत. आर्चिबाल्ड मेंझिस हा त्या मोहिमेतला वैद्य आणि वनस्पतिसंग्राहक. त्याने सुकवलेले नमुने लंडनला आणले, त्यांवरून वर्णनही प्रसिद्ध झाले. पण सुकलेली फांदी कागदावर चिकटवून बाग होत नाही. त्याला जिवंत बी लागते, आणि बी आणायला माणूस लागतो. तो माणूस त्या वेळी अजून जन्माला यायचा होता.

डेव्हिड डग्लसचा जन्म २५ जून १७९९ रोजी स्कोन या गावी झाला. बाप गवंडी, दगडकाम करणारा. शाळेत पोराचे लक्ष नव्हते; पाखरे, मासे आणि रानातली फुले यांतच ते अधिक असे. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याला स्कोनच्या राजवाड्यातल्या बागेत उमेदवारीला लावले. सात वर्षे त्याने तिथे माती उपसली, कलमे बांधली, रोपे सांभाळली. नंतर व्हॅलीफिल्डच्या सरदाराच्या बागेत त्याला काम मिळाले आणि तिथे मालकाचा ग्रंथसंग्रह वाचायला मिळाला. माझ्या मते त्याच्या आयुष्याला वळण लागले ते इथे. १८२० साली तो ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात दाखल झाला. विल्यम हूकर तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पदवी नसलेल्या या माळ्याला त्यांनी व्याख्यानांना बसू दिले आणि डोंगरांतल्या सहलींना बरोबर नेले. शिष्याची शिफारसही त्यांनीच लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे केली. आमच्या प्राध्यापकमंडळींनी एवढा भाग दोनदा वाचायला हरकत नाही.

सोसायटीने त्याला १८२३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात पाठवले, मुख्यतः फळझाडे आणायला. ते काम त्याने चोख केले आणि १८२४ च्या जुलैमध्ये त्याला खऱ्या मोहिमेवर धाडण्यात आले. हडसन्स बे कंपनीचे 'विल्यम अँड ॲन' हे जहाज दक्षिण अमेरिकेला वळसा घालून निघाले. कोलंबिया नदीच्या मुखाशी शिरायला वादळामुळे कित्येक आठवडे लागले, आणि १८२५ च्या एप्रिलमध्ये डग्लसने किनाऱ्यावर पाय ठेवला. वय पंचवीस. कंपनीचा तेथला धंदा बीव्हरच्या कातड्यांचा. फोर्ट व्हँकुव्हर ठाण्याचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्‌लॉकलिन यांनी त्याला आश्रय दिला. पण घर म्हणजे आधी तंबू, मग हरणाच्या कातड्याचा आडोसा आणि पुढे सालींची झोपडी. प्रवासात तर उलथी घातलेली होडी हेच छप्पर.

त्याची सगळी धडपड कागदासाठी होती, हे मला फार बोलके वाटते. नमुना दाबून सुकवायचा तर कोरडा कागद हवा, आणि त्या प्रदेशात पाऊस थांबता थांबत नाही. एका सफरीला निघताना त्याने स्वतःचे कपडे कमी केले आणि १०२ पौंड कागद बरोबर घेतला. रात्री शेकोटीजवळ बसून तो ओल्या कागदांतून वनस्पती काढी, कागद सुकवी, पुन्हा घाली. बी निवडून पुड्या बांधी. उपासमार झाली की गोळा केलेली मुळेही कधी पोटात जात. १८२५ च्या शरद ऋतूत, इंग्लंडला पाठवायच्या पेट्या बांधताना, गंजलेल्या खिळ्यावर पडून त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि ते दुखणे पुढेही त्याला छळत राहिले. तरीही १८२६ या एका वर्षात आपण जवळजवळ चार हजार मैल तुडवले असा हिशेब त्याने लावून ठेवला आहे.

हे मैल त्याने एकट्याने तुडवले नाहीत. डग्लसची चरित्रे वाचताना ही गोष्ट निसटते, म्हणून मुद्दाम सांगतो. वाट दाखवणारे, होडी वल्हवणारे, ओझी वाहणारे, झाडाचे नाव आणि उपयोग सांगणारे चिनूक आणि इतर जमातींचे लोक प्रत्येक पावलाला त्याच्याबरोबर होते. भिंगाने सूर्यकिरण गोळा करून तो चिलीम पेटवी आणि फसफसणारे औषध उकळते पाणी प्यावे तसे पिऊन टाकी. ते पाहून त्यांनी त्याला अग्नी अशा अर्थाचे नाव दिले. एका प्रमुखाच्या नात्यातल्या मुलीने त्याला गवताच्या विणीच्या, विलायती घाटाच्या टोप्या करून दिल्या. ज्या झाडाचा त्याने 'शोध' लावला म्हणतात, त्याचे लाकूड, राळ आणि साल हे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. शोध हा शब्द आपण जरा जपून वापरावा.

साखरी पाइनची गोष्ट याच धर्तीची. १८२५ मध्ये एका मूळ रहिवाशाच्या तंबाखूच्या बटव्यात त्याला खाण्याजोगे मोठे बी दिसले. कुठून आले विचारता दक्षिणेकडचे डोंगर दाखवण्यात आले. वर्षभर ते बी त्याच्या मनात रुतून राहिले. १८२६ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, अम्पक्वा नदीच्या प्रदेशात, वादळात घोड्यांसह हाल सोसून तो त्या झाडापाशी पोहोचला. वाऱ्याने पाडलेला एक वृक्ष त्याने मोजला तर बुंध्याचा घेर ५७ फूट ९ इंच आणि लांबी दोनशे फुटांहून अधिक! शंकू मात्र उभ्या झाडांच्या अगदी शेंड्याला. चढणे अशक्य, म्हणून त्याने बंदुकीने गोळ्या झाडून तीन शंकू खाली पाडले. त्या आवाजाने आठ सशस्त्र माणसे पुढ्यात येऊन उभी राहिली. बंदूक आणि पिस्तूल हातात धरून तो झाडाला पाठ लावून उभा राहिला, आणि बराच वेळ कोणीच हलले नाही. शेवटी त्यांनी तंबाखूची खूण केली. शंकू आणून द्याल तर देईन, अशी खूण त्यानेही केली. ते शंकू शोधायला पांगताच डग्लस आपले तीन शंकू उचलून पळाला. ठरलेला सौदा त्याने पाळला नाही. जीव धोक्यात होता हे मान्य. पण ती माणसे शंकू घेऊन परत आली असतील तेव्हा तिथे काय होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१८२७ च्या वसंतात तो बर्फाच्या पादत्राणांवर रॉकी पर्वत ओलांडून पूर्वेकडे निघाला. अथाबास्का खिंडीत १ मे रोजी तो एका शिखरावर चढला. त्याला त्याने ब्राउन आणि समोरच्याला हूकर अशी नावे दिली, आणि त्यांची उंची सोळा-सतरा हजार फूट सांगितली. खुद्द खिंडीचीच उंची त्या काळी भलतीच समजली जात असे, त्यात ही भर. नकाशांवर ही दोन शिखरे उत्तर अमेरिकेतली सर्वांत उंच म्हणून मिरवत राहिली. १८९३ साली आर्थर कोलमन तिथे पोहोचला तेव्हा माउंट ब्राउन नऊ हजारांच्या थोडेच वर निघाले. गिर्यारोहकांनी यावरून डग्लसला बरीच नावे ठेवली.

ऑक्टोबर १८२७ मध्ये तो लंडनला पोहोचला. त्याने पाठवलेले बी तोवर रुजू लागले होते. मोहिमेचा खर्च सोसायटीला चारशे पौंडांच्या आतच पडला, आणि लाल फुलांच्या एकट्या 'रायबीज' झुडपाने तो भरून निघाला असे म्हणतात. लुपिन, कॅलिफोर्निया पॉपी, क्लार्किया ही आज इंग्रजी बागेत घरची वाटणारी फुले त्याच्याच खात्यावर जमा आहेत. सिटका स्प्रूस, मोंटेरे पाइन, नोबल फर ही झाडेही त्याचीच. इतके नवे पाइन पाठवले की, हा माणूस पाइन स्वतःच घडवतो की काय असे तुम्हाला वाटेल, अशी थट्टा त्याने हूकरांना लिहिलेल्या पत्रात केली. मानसन्मान झाले, लिनियन सोसायटीने सदस्यत्व दिले. पण शहरात त्याचे मन रमेना. तो चिडू लागला, मित्रांशीही त्याचे खटके उडू लागले. रानात ज्याची वाणी चालते त्याची दिवाणखान्यात चालतेच असे नाही. त्याला पुन्हा पाठवून देण्यात सर्वांचेच भले होते.

१८२९ च्या अखेरीस तो पुन्हा निघाला आणि १८३० च्या जूनमध्ये कोलंबियावर पोहोचला. त्याच वर्षी त्या खोऱ्यात हिवतापाची साथ पसरली. ज्या गावांत त्याने पाहुणचार घेतला होता त्यांतली कित्येक ओस पडली. गोऱ्यांच्या जहाजांनी बी नेले आणि रोग आणले. दोन्ही एकाच वाटेने गेले-आले. याचा दोष डग्लसकडे जात नाही. पण तो ज्या वाटेवर होता ती वाट हीच.

दीड वर्ष कॅलिफोर्नियात काढून तो उत्तरेकडे परतला. आता त्याच्या मनात अलास्का आणि सायबेरियामार्गे घरी जायचे होते. १८३३ मध्ये तो फोर्ट सेंट जेम्सपर्यंत गेलाही, आणि तिथून परत फिरला. १३ जून १८३३ रोजी फ्रेझर नदीच्या एका घळीत त्याची होडी खडकांवर आपटून फुटली. तो स्वतः भोवऱ्यांत बराच वेळ गटांगळ्या खात वाचला. पण सुमारे चारशे नमुने आणि रोजनिशी गेली. म्हणूनच या दुसऱ्या प्रवासाची हकिगत पहिल्याइतकी भरगच्च मिळत नाही. बर्फाच्या चकाकीने आणि उडत्या वाळूने त्याचे डोळे आधीच अधू झाले होते. उजव्याने तर दिसेनासेच झाले. ज्याचा धंदा पानाच्या कडेवरचे दाते मोजण्याचा, त्याला हे काय वाटले असेल? वय फक्त चौतीस.

सायबेरियाचा नाद सोडून तो हवाई बेटांवर गेला. १८३४ च्या जानेवारीत त्याने मौना केआ आणि मौना लोआ हे ज्वालामुखी चढून पाहिले. तिथे म्हाताऱ्या लोकांनी त्याला आणखी एका माणसाची आठवण सांगितली. तांबड्या तोंडाचा तो मनुष्य माणसांचे हातपाय कापी आणि गवत गोळा करी. हा वैद्य मेंझिस! चाळीस वर्षांपूर्वी, १७९४ मध्ये, तो याच मौना लोआवर चढला होता.

व्हँकुव्हरच्या त्याच मोहिमेने या बेटावर आणखी एक वस्तू आणली होती. १७९३ मध्ये व्हँकुव्हरने कामेहामेहा राजाला गाईबैल भेट दिले आणि वंश वाढावा म्हणून त्यांना कोणी मारू नये असे ठरवून घेतले. वंश वाढला. गुरे रानटी झाली, शेते तुडवू लागली. पुढे त्यांना पकडण्यासाठी डोंगरउतारावर खड्डे खणून वर फांद्यांचे आच्छादन घालण्याची पद्धत पडली.

१२ जुलै १८३४ रोजी सकाळी, मौना केआच्या उतारावरून पायी हिलोकडे जाताना, डग्लस नेड गर्नी नावाच्या शिकाऱ्याच्या खोपीत न्याहारीला थांबला. गर्नी हा बॉटनी बे या कैद्यांच्या वसाहतीतून सुटून आलेला. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याने पाहुण्याला थोडे अंतर सोबत केली आणि पुढच्या खड्ड्यांबद्दल सावध केले. काही वेळाने त्या वाटेने जाणाऱ्या दोन हवाईयनांना एका खड्ड्याच्या काठाशी कापडाचा तुकडा दिसला. आत वाकून पाहिले तर डग्लसचे प्रेत आणि त्यावर उभा असलेला जिवंत बैल. डग्लसचा छोटा कुत्रा बिली आणि गाठोडे मात्र खड्ड्याच्या पुढे, वाटेवर होते. म्हणजे तो खड्डा ओलांडून गेला होता आणि कशासाठी तरी मागे फिरला होता.

संशय अर्थातच गर्नीवर आला. जखमा बैलाच्या नव्हेत असे काहींना वाटले, पैसे कमी सापडले असेही बोलले गेले. प्रेत होनोलुलूला नेऊन वैद्यांकडून तपासले गेले आणि त्यांनी बैलाकडे बोट दाखवले. कुजबुज मात्र थांबली नाही. मी या बाबतीत वैद्यांच्या बाजूचा आहे. सुटलेल्या कैद्यावर आळ घेणे फार सोपे असते. एका डोळ्याचा माणूस, ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट जवळ जाऊन पाहिली, तो खड्ड्यात सापडलेला बैल पाहायला मागे फिरला आणि काठावर वाकला, याला खुनाची गरज नाही. तो बैल मात्र व्हँकुव्हरच्या गुरांचाच वंशज. मेंझिसने ज्या मोहिमेत ते झाड टिपले, तीच मोहीम डग्लसच्या मृत्यूचे बीही बेटावर पेरून गेली होती.

४ ऑगस्ट १८३४ रोजी होनोलुलूच्या कावाइआहाओ चर्चच्या आवारात त्याला पुरले. मेंझिस तेव्हा लंडनमध्ये ऐंशीच्या घरात होता. तो १८४२ पर्यंत जगला. झाडाच्या शास्त्रीय नावाचा घोळ पुढे शंभर वर्षे चालू राहिला आणि १९५० मध्ये मेंझिसच्या नावावर शिक्कामोर्तब झाले. लाकडाच्या वखारीत त्याला अजूनही कोणी मेंझिस म्हणत नाही. क्यू उद्यानातली २२५ फुटी निशाणकाठी याच झाडाची होती. १९५९ मध्ये उभारलेली ती काठी कुजू लागल्यामुळे २००७ मध्ये उतरवली गेली. न्यूझीलंडमध्ये हेच झाड लागवडीतून निसटून डोंगरउतारांवर तण म्हणून पसरते आहे आणि ते उपटण्यावर पैसा खर्च होतो. बी कुठे नेऊन पेरले याला महत्त्व असतेच. बेटावरच्या त्या खड्ड्याजवळ १९३४ मध्ये एक स्मारक बांधले आणि भोवती डग्लस फरची झाडे लावली. तीही तिथली मूळची नव्हेत.

स्कोनच्या राजवाड्याच्या आवारात, जिथे गवंड्याचा मुलगा अकराव्या वर्षी कामाला लागला, त्याने १८२६ मध्ये पाठवलेल्या बियांपासून उगवलेला एक डग्लस फर आजही उभा आहे. तो तिथे लावला गेला १८३४ मध्ये.